मोठे टायर टाकल्यापासून डबल ट्रॉली चढाला ओढत नाही: चाक फिरतं की इंजिन बसतं, ते आधी बघा

गळीत हंगाम सुरू झाला की महिनाभरात हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. "मागचे टायर मोठे टाकले, तरी ऊस ओढताना ट्रॅक्टर पहिल्यापेक्षा जड झालाय. क्लच प्लेट बदलली, फिल्टर बदलले, पंप बघून घेतला. चार दिवस बरा चालतो, परत तेच." गेल्या हंगामात आमच्याच ट्रॅक्टरला हे झालं. कारण सापडेपर्यंत दोन क्लच प्लेटा गेल्या आणि ऐन हंगामात सात-आठ खेपा बुडाल्या. म्हणून जे कळलं ते सगळं लिहितोय.

आमचा ट्रॅक्टर पन्नास एचपीचा, टू-व्हील, म्हणजे इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना. कंपनीकडून मागे १३.६-२८ टायर आले होते. पावसाळ्यात रोटरला (रोटाव्हेटरला) चाकं घसरायची, म्हणून टायर झिजल्यावर १६.९-२८ टाकले. रानात फरक लगेच दिसला. जिथं चाक जागेवर फिरायचं तिथं ट्रॅक्टर सरळ निघून जायला लागला. आम्ही खूश. मग हंगाम लागला, मागे डबल ट्रॉली (एकामागे एक दोन ट्रॉल्या) आली, आणि कारखान्याच्या वाटेवरच्या कॅनॉलच्या चढाला खरी गोष्ट उघडी पडली. जो चढ दोन वर्षं एकाच गिअरमध्ये जात होता, तिथं निम्म्यात इंजिन बसायला लागलं. दादा अर्ध्या क्लचवर सांभाळायचा, मी मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली दगड घालायला पळायचो. एका रात्री तिथंच जळक्या प्लेटचा वास आला. तो वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला सांगायला नको. दुसऱ्या ट्रॅक्टरचं टोचन लावून वर काढलं.

प्लेट बदलली. तीन आठवड्यांत दुसरीही गेली. तेव्हा फिटर काका म्हणाले, "प्लेट मी अजून एक टाकून देतो, पण ती का जळतीय ते तुम्ही शोधा. प्लेटचा दोष नाही हा."

आता मूळ मुद्दा. ट्रॅक्टर ओढत नाही, असं आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. एकीत इंजिनला दम असतो पण चाक जागेवर फिरतं. दुसरीत चाक घट्ट धरून असतं आणि इंजिन दबतं, काळा धूर ओकतं, बंद पडतं. पहिल्या तक्रारीवर मोठा टायर हे औषध आहे. दुसऱ्या तक्रारीत मोठा टायरच दुखणं वाढवतो. रानातली तक्रार बहुतेक पहिली असते, डांबरीवरची बहुतेक दुसरी. आम्ही रानातलं औषध रस्त्यावरच्या दुखण्याला दिलं होतं.

का, ते आकड्यात बघा. टायरवर १३.६-२८ लिहिलेलं असतं त्यातला पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचात. रिम दोन्हीकडे २८ चीच, म्हणून वाटतं की फक्त रुंदी वाढली. पण रुंदी वाढली की टायरची उंचीही वाढते. नवा १३.६-२८ साधारण १३१० मिलिमीटर व्यासाचा भरतो, १४.९-२८ साधारण १३६५ आणि १६.९-२८ साधारण १४३५. कंपनीप्रमाणे थोडं इकडं-तिकडं होतं. म्हणजे १३.६ वरून १६.९ वर गेलं की चाक साडेनऊ टक्क्यांनी उंच झालं.

इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून मागच्या आक्सलला जो पीळ (टॉर्क) देतात तो तेवढाच राहतो. तो पीळ जमिनीपर्यंत पोचतो चाकाच्या त्रिज्येतून, आणि त्रिज्या वाढली की तेवढ्याच पिळातून ओढ कमी निघते. रहाटाचं चाक मोठं केलं तर दोर एका फेऱ्यात जास्त येतो, पण हाताला जड लागतो, तसंच हे. त्याच गिअरमध्ये वेग साडेनऊ टक्के वाढला आणि ओढ जवळजवळ नऊ टक्के घटली. सपाटीला हा फरक कळतही नाही, उलट गाडी पळते म्हणून बरं वाटतं.

चढाला मात्र असं होतं. ट्रॅक्टर, दोन्ही ट्रॉल्या आणि ऊस मिळून वीस टन धरा. बऱ्या डांबरीवर नुसतं लोळवायला टनाला वीसेक किलोची ओढ लागते, म्हणजे ४०० किलो. तीस फुटांत एक फूट असा चढ असेल तर वजनाचा तिसावा भाग आणखी, म्हणजे ६७० किलोच्या आसपास. एकूण झाले १,०७०. आता तुमचा ट्रॅक्टर त्या गिअरमध्ये जुन्या टायरवर १,१०० किलो ओढत असेल तर तो चढ जेमतेम पण नक्की जात होता. मोठ्या टायरवर तीच ओढ हजारावर आली. सत्तर किलो कमी पडले. आणि ते सत्तर किलो ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर भरून काढायला बघतो, तिथं प्लेट जळते. क्लच दाबून ओढ वाढत नसते, फक्त आरपीएम उचलून धरता येतं आणि त्याची किंमत प्लेट मोजते.

गिअर खाली टाका, असं कुणीही सांगेल, आणि ते बरोबरच आहे. पण दोन गिअरमधलं अंतर नऊ टक्क्यांपेक्षा खूप जास्त असतं. म्हणून चढ चुकतो थोडक्यात आणि वेग मात्र पुष्कळ पडतो. शिवाय भरलेल्या डबलला चढावर मधेच गिअर पाडणं म्हणजे क्षणभर सगळं वजन मागे ओढायला लागतं. गिअर चढाच्या आधीच, सपाटीवर टाकायचा. बहुतेक ट्रॅक्टरचं इंजिन साधारण १,३०० ते १,५०० आरपीएमला सगळ्यात जास्त पीळ देतं. काटा त्याच्या खाली गेला की ते सावरत नाही. इतक्या खाली जाऊ द्यायचंच नाही.

आता तपासायचं कसं. फक्त खडू आणि मोजपट्टी लागते.

सपाट डांबरीवर रिकामा ट्रॅक्टर उभा करा. हवा नेहमीची ठेवा. मागचा टायर जिथं जमिनीला टेकलाय तिथं टायरवर आणि रस्त्यावर एकाच रेषेत खडूची खूण करा. हळूहळू चालवत चाकाचे बरोबर दहा फेरे मोजा, खूण पुन्हा खाली आली की तिथं दुसरी खूण करा आणि अंतर मोजा. १३.६-२८ ला हे साधारण ३९ मीटर येतं, १६.९-२८ ला ४३ च्या आत-बाहेर. हा तुमच्या चाकाचा खरा आकडा. छापील व्यासापेक्षा यावर विश्वास ठेवा, कारण भार आला की टायर खाली बसतो. आमचं अंतर ४२ मीटर ७० सेंटिमीटर आलं. जुना अर्धा झिजलेला टायर शेडमागे पडला होता, तो शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढवून मोजला तर ३८ मीटर ४० सेंटिमीटर. फरक अकरा टक्के. हा आकडा बघितल्यावर फिटर काकांचं म्हणणं पटलं.

मग तेच भरलेली ट्रॉली लावून त्याच रस्त्यावर करा. दहा फेऱ्यांत अंतर जवळपास तेवढंच आलं तर चाक घसरत नाहीये, दम कमी पडतोय. अंतर दहा-पंधरा टक्क्यांनी कमी आलं तर चाक घसरतंय. नांगरट, रोटर अशा मऊ रानातल्या कामाला दहा-पंधरा टक्के घसर चालते, टू-व्हीलला तेवढी होतेच. डांबरीवर ती शून्याच्या जवळ पाहिजे.

यातून आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मागच्या टायरचे नवे गट्टू, म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे, तीन सेंटिमीटरच्या वर उंच असतात. ऊस वाहतुकीत डांबरीवर ते भराभर झिजतात. झिजले म्हणजे व्यास पाच-सहा सेंटिमीटरनं कमी झाला, म्हणजे ओढ चारेक टक्के वाढलेली असते, हळूहळू आणि आपल्या नकळत. मग आपण त्याच मापाचा नवा जोड टाकतो आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर जड वाटतो. मापही बदललेलं नसतं, म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही की टायर कारण आहे. पंप उघडला जातो, इंजेक्टर बदलले जातात. ज्यांनी आकार न बदलता नुसते नवे टायर टाकलेत आणि तक्रार तीच आहे, त्यांनी आधी हे मोजावं.

मोजणी झाली आणि टायर बरोबर निघाले, तर मग बाकीचं बघायचं. एअर क्लीनर पहिला. फडात पाचटाची धूळ एवढी असते की हंगामात तो फार लवकर भरतो. मग डिझेल फिल्टर. मग क्लचच्या पायडलची फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल), कारण ती कमी असेल तर प्लेट कायम थोडी सुटलेली राहते आणि जळते. ट्रॉलीचे बेअरिंग आणि हवाही बघा. भरून पाच-सहा किलोमीटर आल्यावर उतरून प्रत्येक चाकाच्या बुशीला आणि टायरच्या कडेला लांबूनच हात धरा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर ट्रॅक्टरची ओढ तिथं खाल्ली जातेय. ट्रॉलीला आपण ट्रकचे उतरलेले नाहीतर रिमोल्ड टायर टाकतो, आणि त्यांना ट्रॅक्टरच्या अंदाजानं हवा भरतो. ते चुकतं. त्यांच्या कडेवर छापलेली हवा पाहिजे. एकाच ट्रॉलीला एका बाजूला ९.००-२० आणि दुसऱ्या बाजूला १०.००-२० असंही बघितलंय. ती ट्रॉली कायम एका अंगाला कलते.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला रानात १२-१४ पौंड हवा पुरते. दोनचाकी ट्रॉलीचा भार हुकावर येत असेल तर वाहतुकीला ती वाढवावी लागते, वीसच्या आसपास, पण कंपनीच्या पुस्तकात भाराप्रमाणे तक्ता असतो तो बघूनच. टायरमध्ये वजनासाठी भरलेलं पाणी हंगामापुरतं काढून टाका, असं माझं मत आहे. रानात त्याचा उपयोग आहे. रस्त्यावर मात्र ते वजन प्रत्येक चढाला तुम्हीच ओढता.

पुढचं तोंड उचलतं, ही तक्रारही मोठ्या टायरबरोबर येते. चाक उंच झालं की हुक साधारण सहा सेंटिमीटर वर जातो. हुक जेवढा वर, तेवढी ओढताना पुढची चाकं हलकी. हजार किलोची ओढ आणि दोन मीटरचा व्हीलबेस धरला तर पुढचे तीसेक किलो कमी होतात. एवढ्यानं कुणी उलटत नाही, आणि या कारणाला लोक उगाच फार दोष देतात. पण पुढं आधीच वजन नसेल आणि हुक वरच्या भोकात असेल तर हे तीस किलोही जाणवतात. हुक एक भोक खाली घ्या, पुढचं वजन कंपनीचं लावा. वरच्या लिंकच्या जागी, नाहीतर आक्सलच्या वर साखळी बांधून कधीही ओढू नका, टोचनालासुद्धा नाही. ट्रॅक्टर मागे पडतात ते असेच. दोनचाकी ट्रॉलीला आणखी एक होतं. हुक वर गेला की ट्रॉली मागे कलते, उसाचा भार मागे सरकतो, हुकावरचं वजन कमी होतं आणि मग चाक घसरायला लागतं. म्हणजे इंजिन बसायची तक्रार आणि चाक फिरायची तक्रार दोन्ही एकदम. अशा वेळी ट्रॉलीची दांडी सपाट येईल असं हुकाचं माप जुळवून घ्या.

फोर-व्हीलवाल्यांसाठी वेगळी सूचना, कारण तिथं नुकसान जास्त महाग पडतं. पुढची आणि मागची चाकं गिअरनं बांधलेली असतात. पुढची चाकं मागच्यांपेक्षा एक ते पाच टक्के जास्त पळावीत असं कंपनीनं टायर धरूनच बसवलेलं असतं. पुढे ८-१८ आणि मागे १४.९-२८ अशी जोडी असताना मागे एकट्यानं १६.९ टाकला की मागचं चाक पाच टक्के पुढं निघतं आणि पुढचं चाक ब्रेकसारखं मागे ओढत राहतं. स्टिअरिंग जड होतं, पुढचे टायर चाटले जातात आणि पुढच्या आक्सलचे गिअर मोडतात. मऊ रानात फोर-व्हीलचा लिव्हर काढून मागच्या चाकाचे दहा फेरे करा आणि तेवढ्यात पुढचं चाक किती फिरलं ते मोजा, मग फोर-व्हील घालून परत मोजा. घातल्यावर पुढचे फेरे थोडे जास्त आले पाहिजेत. कमी आले तर जोडी चुकलीय. आणि डांबरीवर फोर-व्हील घालून ऊस ओढू नका, माप बरोबर असलं तरी.

रिम बघितल्याशिवाय मोठा टायर घेऊ नका. रिमवर रुंदी छापलेली असते. १३.६ ला डब्ल्यू १२ ची रिम येते. १६.९ ला डब्ल्यू १५ एल लागते, डब्ल्यू १४ एल चालते. आमच्या जुन्या डब्ल्यू १२ रिमवरच १६.९ चढवून दिला होता. "बसतंय की," एवढंच टायरवाल्याचं म्हणणं. बसला खरा, पण अरुंद रिमवर टायर मधोमध फुगतो. दोन महिन्यांत मधले गट्टू झिजले आणि कडेचे नव्यासारखे राहिले. तुमच्या टायरची झीज अशी मधोमधच असेल आणि हवा बरोबर असेल, तर रिमवरचा आकडा वाचा. आरसी आणि विम्याचाही विचार करा. कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या मापांबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो, आणि अपघात झाल्यावर आरसीचा कागद सगळ्यात आधी काढला जातो.

आता उताराचं. याच्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला रात्री काळजी वाटते ती याचीच. ब्रेक चाकाला जो पीळ देतो तोही त्याच त्रिज्येतून जमिनीवर जातो. मोठ्या टायरवर ब्रेकची पकड तेवढीच नऊ टक्के कमी. त्याच गिअरला, त्याच आरपीएमला वेग साडेनऊ टक्के जास्त, आणि थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे वीस टक्के जास्त. ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच बहुतेक. म्हणजे पंधरा-सोळा टन ऊस मागून ढकलतोय आणि तो अडवायला फक्त ट्रॅक्टरची मागची दोन चाकं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर क्लच दाबू नका, डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही. दोन्ही ब्रेकची पायडलं पट्टीनं एकत्र बांधलीत का ते फडातून निघतानाच बघा, कारण रानात एकेक ब्रेक मारायची सवय असते आणि रस्त्यावर एकाच चाकाला ब्रेक लागला की डबल आडवी होते. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा, वाढ्यांखाली झाकले जाणार नाहीत असे.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. १३.६ चा जुना जोड परत बाहेर काढला, एक टायर चांगला होता, दुसऱ्याला जोडीचा तेवढाच झिजलेला शोधला. दोन्ही बाजूंचे दहा फेरे मोजून घेतले, कारण डाव्या-उजव्यात फरक असला तर डिफरन्शिअल कायम फिरत राहतं. हा जोड आता फक्त हंगामाला. वाहतुकीत गट्टू झिजले तरी वाईट वाटत नाही, उलट कोरड्या डांबरीला झिजका टायर चांगला धरतो. १६.९ चा जोड योग्य रिमसकट वेगळा ठेवलाय, तो जूनमध्ये चढतो. रिमचा खर्च एकदाच झाला. ज्यांना दोन जोड परवडत नाहीत त्यांनी १४.९ चा विचार करावा, ज्यांच्या मॉडेलला कंपनीनं तो दिलाय त्यांनी. तिथं ओढ चारच टक्के घटते, आणि ती चढाच्या आधी गिअर टाकून किंवा दोन्ही ट्रॉल्यांत मिळून टनभर ऊस कमी भरून सांभाळता येते. टनभर कमी भरायला जिवावर येतं हे मला माहीत आहे, काट्यावर पैसे टनाचेच मिळतात. पण एका जळलेल्या प्लेटला, मजुरीला आणि बुडालेल्या दोन दिवसांना किती टन लागतात, ते एकदा वहीत मांडून बघा.

तिसरी प्लेट टाकून आता एक अख्खा हंगाम झाला, अजून तीच आहे. कॅनॉलचा चढ पहिल्यासारखा एका गिअरमध्ये जातो. कुणी हे मोजून बघितलं तर विचारताना एवढं लिहा: टायरचं माप, रिमवरचा आकडा, दहा फेऱ्यांचं रिकामं आणि भरलेलं अंतर, आणि चढाला चाक फिरतं की इंजिन बसतं.